मदत हवी आहे: शार्क्सची टीम कोणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, तरी मी एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग) आइस हॉकी बघतो. मामेभाऊ अमेरिकेत सॅन होजेला असतो, त्याच्या नादाने तिथली टीम शार्क्स धरली. हिवाळ्यात त्यांच्या घरच्या मॅच आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास असतात, डबा भरता भरता पहिला पिरियड होतो.

पण ओळख झाली की खेळाडू जातोच! बर्न्स 2022 मध्ये कॅरोलायनाला, मायर 2023 मध्ये न्यू जर्सीला, त्याच वर्षी कार्लसन पिट्सबर्गला, 2024 मध्ये हर्टल वेगासला. बदल्यात ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) आणि नवी पोरं. तेवढं समजतं. गुणतक्त्यात तळाला राहिले म्हणून पहिली निवड कोणाची हे ठरवणाऱ्या लॉटरीत संधी वाढली आणि 2024 ला सेलेब्रिनी हा तरुण खेळाडू मिळाला. पण डिसेंबर 2024 मध्ये गोली (गोलरक्षक) ब्लॅकवुडही कोलोरॅडोला दिला, ते काही पटलं नाही.

खरा घोळ पगाराचा. खेळाडू पाठवूनही त्याच्या पगाराचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, जुनी टीम भरू शकते. असे पगाराचा भाग भरायचे करार एका टीमला एका वेळी तीनच चालतात. बर्न्स, कार्लसन, हर्टल यांत तिन्ही जागा गेल्या होत्या. हर्टलचा करार तर 2030 पर्यंत! मग थोड्याशा रकमेसाठी एवढी वर्षं जागा अडवून काय मिळालं?

आणि टीमच्या 23 जणांत कोण टिकणारा, कोण वर्षभराचा पाहुणा, हे करारावरून कसं ओळखायचं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. मामेभाऊ नुसतं "धीर धर" म्हणतो.