आंब्याचे पफ घरी करायचेत, सारण गळू नये आणि तळ कच्चा राहू नये म्हणून काय करावं?

रानजाई
नमस्कार मंडळी, गावाहून हापूसची पेटी आलीये, आमरस, आंब्याचा शिरा सगळं करून झालं, आता लेकीला बेकरीत पॅटिस मिळतं ना तसं पण आत आंबा भरलेलं काहीतरी हवंय. कोपऱ्यावरचा बेकरीवाला खारीचं कच्चं पीठ लाटून द्यायला तयार आहे. घरी ओटीजी आहे, साधाच, वर-खाली रॉडवाला, पंखा नाही. मागे सफरचंदाचे केले होते तेव्हा वरून मस्त फुलले, रंग पण आला, पण खालची बाजू कच्चट आणि रस ट्रेभर पसरलेला. आंब्याला तर अजून पाणी सुटणार. फोडी तशाच भरू की शिजवून? आणि आमच्याकडे अंडं चालत नाही, तर वरून काय लावायचं? डोंबिवलीत सध्या उकाडा असा आहे की लोणी ओट्यावर ठेवलं की वितळतंय, म्हणून पारी घरी करायचा विचार सोडूनच दिलाय.

बकुळ
कच्च्या फोडी अजिबात नको गं. ओव्हनमध्ये फळाला पाणी सुटतं आणि ते जायला जागा नसते, मग खालचा पदर ते पितो आणि फुलतच नाही. सारण आधी आटवूनच घे. दोन मोठ्या आंब्यांचा रस कढईत मंद आचेवर आटव, त्यात दोन-तीन चमचे साखर (हापूस गोड असेल तर एकच), आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घाल. कॉर्नफ्लोअर घातल्यावर बुडबुडे येऊन मिश्रण चकचकीत दिसेपर्यंत शिजवायचं, अर्धवट शिजलं तर गार झाल्यावर पुन्हा पातळ होतं. लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावर, कारण आंबट घालून उकळत राहिलं की कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा कमी होतो. कढईच्या तळावरून चमचा ओढ, वाट तशीच राहिली आणि दोन्ही बाजूंनी मिश्रण परत धावून आलं नाही की झालं.

हापूस शिजवला की त्याचा वास बराच उडतो हे मात्र खरं. म्हणून मी सगळा आंबा शिजवत नाही, रस आटवते आणि गार झाल्यावर त्यात घट्ट आंब्याच्या बारीक फोडी मूठभर मिसळते. तोतापुरी मिळाला तर फोडींसाठी तोच घे, आकार धरून राहतो आणि थोडा आंबट लागतो म्हणून गोडाला छान तोल येतो. सारण फ्रीजमधून काढलेलं गारच भरायचं, कोमट सुद्धा नको.

शेखर_मिरज
आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे म्हणून लिहितो. ताई, तुमच्या बेकरीवाल्याचं पीठ बहुतेक लोण्याचं नसणार, पफसाठी वेगळं मार्जरीन येतं त्याचं असेल. ते उन्हाळ्यात टिकतं कारण लोण्यापेक्षा जास्त गरमीला वितळतं, त्यामुळे मे महिन्यात नवख्या हाताला तेच सोपं पडेल. पण खाताना टाळूला चिकटतं, लोण्याची चव त्याला येत नाही हे मान्यच करायला पाहिजे. खारीच्या पिठात मीठ असतं त्याची काळजी करू नका, आंब्याबरोबर चांगलं लागतं.

खालची बाजू कच्ची राहते त्याचं कारण बहुतेक वेळा गार ट्रे. ओटीजी दोन्ही रॉड लावून 210 वर कमीत कमी 20 मिनिटं तापवा आणि रिकामा ट्रे आतच ठेवून द्या, खालच्या खणात. पफ बेकिंग पेपरवर तयार करून कागदासकट त्या गरम ट्रेवर सरकवायचे. पहिली 15 मिनिटं दार उघडायचं नाही, पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, तीच पदर उचलते आणि तेवढ्यात तिला धक्का लागला की बसलंच. मग 180 करून अजून 10-12 मिनिटं. वरचा रंग बघून काढू नका, उलथन्याने एक उचलून तळ बघा, तो तांबूस दिसला तरच बाहेर. वरून आधीच लाल होत असेल तर फॉइल टाका.

आणखी एक, कापायची सुरी धारदार पाहिजे आणि सरळ खाली दाबून कापा, घासत ओढलं की कडा चिकटतात आणि त्या बाजूने पदर सुटत नाहीत. उरलेले तुकडे गोळा करून मळू नका, एकावर एक ठेवून लाटा.

बकुळ
शेखरदादा, गरम ट्रेचं अगदी बरोबर. मी अजून एक करते, सारणाच्या खाली खारीचा चुरा पसरते अर्धा चमचा, बदामाची पूड पण चालते, सुटलेला रस तोच पितो. आणि रानजाई, सारण चमचाभरच घाल, जास्त भरायचा मोह होतोच पण कडेला बोटभर जागा मोकळी हवी. कडांना पाणी लावून काट्याने दाब आणि वर सुरीने दोन चिरा दे म्हणजे वाफ तिथून निघेल, नाहीतर ती शिवण फोडून निघते. अंड्याऐवजी दुधात थोडी साय फेटून लाव, फक्त कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नकोस, तिथले पदर चिकटून बसतात.

निळाई_स्टुटगार्ट
इकडे सुपरमार्केटमध्ये बेकिंग पेपरसकट गुंडाळलेला पफचा रोल मिळतो त्यामुळे पारीचं काम आयतं होतं, फक्त पाकिटावर लोण्याचा उल्लेख आहे का ते बघून घेते, बरेचसे रोल वनस्पती तेलाचे असतात. सफरचंदाचे पफ इथे प्रत्येक बेकरीत असतात, आप्फेलटाशं म्हणतात, आणि सफरचंदात पेक्टिन असल्यामुळे सारण आपसूक घट्ट होतं. म्हणून आंब्याच्या सारणात एक सफरचंद बारीक चिरून शिजवून बघ रानजाई, आंब्याची चव दबत नाही आणि गळायचं प्रमाण खूप कमी होतं.

पण पारी घरी करायचा विचार सोडू नकोस गं! आपल्या घरी चिरोटे होतात ना, साटा लावून, थर देऊन, हात त्याला सरावलेला असतो. फरक इतकाच की साट्यातल्या तुपात पाणी नसतं आणि चिरोटे तळताना सुटतात, इथे गार लोण्याचा अखंड थर लागतो. पाव किलो मैदा, 200 ग्रॅम लोणी, साधारण 125 मिली गार पाणी, चमचाभर लिंबाचा रस. तिहेरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे 729 थर होतात, दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीज. खारट लोणी असेल तर मीठ घालू नकोस.

शेखर_मिरज
मे महिन्यात डोंबिवलीत करायचंच असेल तर पहाटे, नाहीतर एसीच्या खोलीत. लोणी पिठातून डोकावायला लागलं की त्याच क्षणी फ्रीजमध्ये, वरून मैदा भुरभुरून पुढे लाटत बसायचं नाही.

रानजाई
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! रविवारी बेकरीच्या पिठाचेच करते, सफरचंद घालून, आणि लोण्याची पारी पावसाळ्यात जरा गारवा आला की. एक राहिलं, आदल्या रात्री भरून ठेवले तर चालतील का? आणि उरले तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू का?

बकुळ
भरून फ्रीजमध्ये रात्रभर नको, पारी ओलावते. फ्रीझरमध्ये ठेव, एकमेकांना न चिकटवता, आणि न वितळवता तसेच ओव्हनमध्ये घाल, पाच-सात मिनिटं जास्त लागतील. दूध-साय ऐनवेळी लावायची. मायक्रोवेव्ह मुळीच नको, मऊ पडतात, ओटीजीत 160 ला पाच मिनिटं पुरे. आणि मुलांना लगेच देऊ नकोस, वरून गार लागले तरी आतला आंबा बराच वेळ चटका देण्याइतका गरम असतो.