'लास्ट सपर' फ्रेस्को आहे की नाही? आणि ते इतकं का गळलं?

कोरी_पाटी

एका पुस्तकात लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'ला जगप्रसिद्ध फ्रेस्को म्हटलंय, दुसऱ्यात ते फ्रेस्को नाहीच असं ठासून लिहिलंय. हे चित्र १४९५ ते १४९८ मधलं. मायकेलअँजेलोचं सिस्टीन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ मधलं. मध्ये जेमतेम दहा वर्षं, पण छत अजून ठणठणीत आणि लिओनार्दोच्या चित्राचे पोपडे मात्र तो हयात असतानाच सुटायला लागले होते. दोघांत जास्त शास्त्रीय डोक्याचा म्हणून नाव लिओनार्दोचं, मग चूक नेमकी कुठे झाली? चुना, रंग, भिंत की हवा? शिवाय अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हणतात, ते तरी बरोबर आहे का? तांत्रिक तपशील हवेच आहेत, सोपं करायला जाऊ नका.

गिलावा

आधी शब्द सोडवू. भिंतीवर काढलं की झालं फ्रेस्को, असं नसतं. इटालियनमध्ये फ्रेस्को म्हणजे ताजं, आणि ताजा असावा लागतो तो गिलावा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. त्यात सरस नाही, अंडं नाही, तेल नाही. रंग धरून ठेवायचं काम चुना करतो.

चुनखडी भाजून कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विझवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड. गिलावा वाळताना ते पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे फिरून चुनखडीच. रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकून बसतात. म्हणून चांगलं फ्रेस्को ओल्या फडक्यानं पुसलं तरी रंग हाताला येत नाही.

कामाचा क्रम असा. चुना विझवून निदान काही महिने पाण्याखाली मुरवायचा. घाई केली आणि न विझलेला खडा आत राहिला, तर तो पुढे ओल लागून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. भिंतीवर आधी खरखरीत थर, साधारण १ सेंमी जाड. याला अरिच्चो म्हणतात. त्यावर गेरूनं ढोबळ रेखाटन. मग शेवटचा बारीक थर, इंतोनाको, ३ ते ५ मिमी. चित्रतंत्रावर जुनी पोथी लिहिणारा इटालियन चित्रकार चेनिनो चेनिनी दोन वाटे वाळूला एक वाटा चुना सांगतो, आणि आजही ते प्रमाण चुकीचं ठरलेलं नाही.

हा शेवटचा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच घालायचा. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसाचं काम. त्यावर कागदाचा खाका धरायचा, रेषांवर भोकं पाडलेली असतात, त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटत जायची की ठिपक्यांची रेघ उमटते. किंवा टोकदार काडीनं खाक्यावरून दाबून ओल्या गिलाव्यात रेघ पाडायची. थर घातल्यावर तासाभरात तो जरा आवळतो, तिथून सहा ते आठ तास हातात. नंतर चुना रंग पीत नाही, आणि तरीही लावलात तर तो सुकल्यावर भुकटीसारखा झडतो. संध्याकाळी न रंगवलेला भाग तिरका कापून काढून टाकायचा, उद्या त्या कडेला नवा थर भिडवायचा. काम नेहमी वरून खाली, नाहीतर वरचे ओघळ खालच्या तयार कामावर.

रंगही मोजकेच, चुन्याचा दाह सोसणारे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, कोळशाचं काळं. पांढऱ्यासाठी चुनाच. शिशाचा सफेदा वापरलात तर काय होतं ते इटलीत असिसीला चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या क्रूसारोहणात बघा. सफेदा काळा पडलाय, सगळं चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं.

तिरकी_रेघ

वरचं वाचलं की लिओनार्दोनं हे का टाळलं ते लक्षात येतं. त्याची कामाची पद्धत या शिस्तीत बसणारीच नव्हती. त्याला काम करताना पाहिलेल्या मात्तेओ बान्देल्लो या लेखकानं ती नोंदवून ठेवली आहे: कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून कुंचला चालवणार, मग तीनचार दिवस चित्राला हातही लावणार नाही, नुसता बघत उभा राहणार. कधी भर दुपारी येऊन एकदोन फटकारे मारून निघून जाणार. चुना असल्या माणसासाठी थांबत नाही. त्यात त्याला हव्या होत्या एकावर एक पातळ थरांतून येणाऱ्या मऊ छटा, पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येणाऱ्या. त्या तेलात जमतात.

म्हणून मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्झिए मठाच्या भोजनगृहात त्यानं लाकडी फळीवरचं तंत्र थेट भिंतीवर नेलं. कोरड्या गिलाव्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा आणि प्रथिनयुक्त चिकट द्रव्याचा अस्तर-थर, त्यावर सफेद्याचा पातळ हात, आणि त्यावर अंडं व तेल यांच्या आधारानं रंग. चित्र साधारण ४६० बाय ८८० सेंमी. एवढं सगळं तोललेलं फक्त त्या मधल्या थराच्या चिकटपणावर.

लाकडाची फळी हे सहन करते. दगडविटांची भिंत पाणी ओढते आणि सोडते, आणि पाण्याबरोबर क्षार पुढे येतात (आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो म्हणतात तोच प्रकार). चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यानं ओल त्यातून निघून जाते. तेलाच्या पापुद्र्यातून ती सहज जात नाही, मागे अडकते, आणि चिकट थर सुटतो. मग रंगाच्या बारीक खपल्या होतात, त्यांच्या कडा वाटीसारख्या वर वळतात आणि गळतात. १५१७ मध्येच एका प्रवाशानं चित्र खराब होऊ लागल्याचं लिहून ठेवलंय.

आता खरी गंमत. त्याच दालनात, बरोबर समोरच्या भिंतीवर मोन्तोर्फानो नावाच्या चित्रकाराचं १४९५ चं क्रूसारोहण आहे. अस्सल फ्रेस्को. त्याचं नावही कुणी घेत नाही, पण चित्र शाबूत आहे.

गेरू_आणि_काजळी

मोन्तोर्फानोचा दाखला नेहमी दिला जातो, पण तो आहे तसा पुरेसा नाही. लिओनार्दोची भिंत उत्तरेची, मोन्तोर्फानोची दक्षिणेची. उत्तरेची भिंत गार राहणार, तिच्यावर दव जास्त धरणार. दोघांची परिस्थिती सारखी नव्हती असं कुणीही म्हणू शकेल.

पुरावा पक्का होतो तो मोन्तोर्फानोच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत. तिथे गुडघे टेकलेली स्फोर्त्सा कुटुंबातली माणसं नंतर रंगवली गेली, एका बाजूला मिलानचा ड्यूक लुदोविको, दुसरीकडे त्याची बायको बेआत्रिचे, सोबत मुलं. ही भर लिओनार्दोची मानतात, आणि ती कोरड्या भिंतीवर घातलेली आहे. आज तिथे फक्त फिकट छाया उरल्यात. भिंत तीच, ओल तीच, शतकंही तीच. चुन्यातलं राहिलं, वरून चिकटवलेलं गेलं.

दुसरी दुरुस्ती मायकेलअँजेलोबद्दल. फ्रेस्को केलं की निर्धास्त, असं अजिबात नाही. सिस्टीनच्या छतावर त्यानं सुरुवात जलप्रलयाच्या प्रसंगापासून केली, आणि थोड्याच दिवसांत गिलाव्यावर बुरशी चढली. रोममध्ये चुन्यात वाळूऐवजी पोत्झोलाना म्हणजे ज्वालामुखीची राख घालत. मिश्रणात पाणी जास्त पडलं होतं. तो काम सोडायला निघाला होता. जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुकारानं मिश्रण घट्ट ठेवायला शिकवलं, तेव्हा गाडी रुळावर आली. शेवटी हात इतका बसला की अंधारापासून उजेड वेगळा करणारा देव त्यानं एकाच जोर्नातात उरकला.

आणि शुद्ध फ्रेस्कोतही वरून कोरडे हात मारलेले असतात. अझुराइट हा तांब्याचा निळा चुन्यात नीट राहत नाही, म्हणून तो भिंत वाळल्यावर सरसातून लावत. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोनं रंगवलेल्या मेरीच्या झग्याचा निळा जागोजागी झडलाय तो यामुळेच, बाकीचे रंग मात्र शाबूत. सिस्टीनच्या १९८० ते १९९४ च्या सफाईवरून जे वादंग झालं त्याचं मूळही इथेच: काजळी आणि जुना सरस काढताना मायकेलअँजेलोनं स्वतः कोरड्यावर दिलेल्या गडद छटा धुतल्या गेल्या का? माझ्या मते छतापुरता हा आक्षेप ताणलेला आहे, पण प्रश्न चुकीचा नाही.

कोरी_पाटी

स्फोर्त्सा कुटुंबाच्या छायांचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. दोन उपप्रश्न. नुसतं बघून, समजा मोठ्या फोटोवरून, फ्रेस्को ओळखता येतं का? आणि 'लास्ट सपर'मध्ये आज लिओनार्दोचं स्वतःचं किती उरलंय?

गिलावा

ओळखता येतं, पण उजेड तिरका हवा. समोरून फ्लॅश मारलेला फोटो निरुपयोगी. बाजूनं प्रकाश पडला की जोर्नाताचे सांधे दिसतात: डोक्याभोवती, खांद्याभोवती फिरणारी बारीक उंच कड. सांधा सहसा आकृतीच्या बाह्यरेषेवर लपवलेला असतो, सपाट आकाशात तो उघडा पडतो. कोणता थर कोणावर चढलाय ते पाहून कामाचा क्रमही लावता येतो. दुसरं, खाक्याच्या ठिपक्यांच्या रांगा किंवा काडीच्या दाबलेल्या खाचा. खाचेची कड गोलसर असेल तर ती ओल्या गिलाव्यात पडलीय; तुटकी, चरचरीत असेल तर गिलावा वाळल्यावर ओरखडलेली. तिसरं, झीज कशी झालीय ते. फ्रेस्को जातं तेव्हा गिलाव्यासकट ढलपा जातो. कोरड्यावरचा रंग गेला की गिलावा जागेवर राहतो आणि नुसता रंग खपल्यांनी उडतो.

तिरकी_रेघ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा जड जाईल. या चित्रावर ओलीइतकाच अत्याचार दुरुस्तीनं केलाय. १७२६ मध्ये बेल्लोत्तीनं गेलेल्या जागा तेलरंगानं भरून वर वार्निश चढवलं. १७७० मध्ये मात्झानं ते खरवडून स्वतःचं रंगवायला घेतलं. ओरड झाली म्हणून थांबवला, तोवर जवळजवळ सगळे चेहरे हाताखालून गेले होते. आणि १८२१ मध्ये बारेत्झी. हा माणूस भिंतीवरून फ्रेस्को सोडवून काढण्यात वाकबगार. त्यानं हेही फ्रेस्कोच समजून सोडवायला घेतलं आणि मधला भाग फाडला, मग तुकडे सरसानं परत चिकटवत बसला. तुम्ही विचारलेला शब्दाचा घोळ निरुपद्रवी नव्हता तो असा.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बनं दालनाचं छत आणि एक बाजू कोसळली. चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांमुळे वाचली.

चित्रजतन करणाऱ्या पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी काम हाती घेतलं ते १९९९ ला संपलं. वीसेक वर्षं, सूक्ष्मदर्शकाखाली, खपलीखपलीनं. नंतरचे हात उतरवले, आणि जिथे मूळ काही उरलंच नव्हतं तिथे जलरंगाची फिकी छटा दिली, म्हणजे डोळ्याला भोक खुपणार नाही आणि नवीन जुन्यात खपणारही नाही. त्यामुळे आज दिसतं ते विरळ आहे, पण बरंचसं खरं आहे. धातूच्या तबकांवरचं प्रतिबिंब, संत्र्याच्या चकत्या हे तेव्हा पुन्हा दिसायला लागलं. आता हवा गाळून सोडतात, आणि छोट्या गटांना पंधरा मिनिटंच आत ठेवतात, कारण माणसांच्या श्वासातलं पाणीही मोजावं लागतं.

गेरू_आणि_काजळी

अजिंठा राहिलाच. नाही, ती फ्रेस्को नाहीत. छिन्नीनं खडबडीत ठेवलेल्या काळ्या कातळावर मातीचा गिलावा आहे. त्यात वाळू, भाताचा तूस, वनस्पतींचे धागे. वर अंड्याच्या कवचाइतका पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर सरसातले रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि पाचव्या शतकातल्या लेण्यांत अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द हा निळा दगड. पांढऱ्या लेपात काही ठिकाणी चुना सापडतो म्हणून फ्रेस्को म्हणायची पद्धत पडली. पण तो चुना तिथे पांढरा रंग म्हणून आहे, रंग बांधून ठेवायला नाही.

मग लिओनार्दोचं गळलं आणि हे का टिकलं? टिकलंय तेही तुकड्यांतच. पण धाग्यांमुळे गिलावा लवचिक आहे, सरसाचा रंग तेलासारखा ओल कोंडून धरत नाही, आणि कित्येक शतकं तिथे मशालीही फारशा गेल्या नाहीत. तेच धागे आणि तूस किडे खातात, ही दुसरी बाजू. कातळाच्या भेगांतून पावसाचं पाणी पाझरतं. एकोणिसाव्या शतकात नकला करताना चढवलेलं वार्निश आणि १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी लावलेली लाख पिवळी पडली, ती अजून उतरवतायत. भारतात ओल्या चुन्यावरचं काम बघायचं असेल तर जयपूरची आराइश ही चुन्याच्या गिलाव्याची पद्धत बघा. तिथे रंग ओल्यात ठोकून वर अकीक या गुळगुळीत दगडानं घोटतात.

कोरी_पाटी

आभारी आहे. एक शेवटचं: येशूचे पाय मुळात रंगवलेलेच नव्हते का? फोटोत तिथे दाराची कमान दिसते.

तिरकी_रेघ

होते. १६५२ मध्ये मठवाल्यांनी तिथून दार पाडलं, त्यात गेले. नंतर दार बुजवलं, कमानीचा आकार राहिला. पाय बघायचे असतील तर लिओनार्दोच्या वर्तुळातल्या जाम्पिएत्रिनोची, १५२० च्या आसपासची नक्कल शोधा. ती लंडनच्या रॉयल अकॅडमीची आहे आणि कॅनव्हासवर तेलात केलेली. येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या हाताशी उलटलेलं मिठाचं भांडंही तिच्यातच नीट दिसतं.