मदत हवी आहे: नदीतल्या स्पर्धेसाठी कानात घालायला कोणते बोळे?

सांगलीची_आई: मुलीची स्पर्धा 18 दिवसांवर आली. नदीचं पाणी घाण असतं हे मलाही कळतं, तेव्हा "पाठवू नका" असं कृपया कोणी लिहू नका. कानात घालायला मेणाचे बोळे चांगले की सिलिकॉनचे, एवढंच सांगा. मागवायला वेळ लागतो, लवकर कळवा.

घाटावरचा: कुठली नदी? किती अंतर? मुलगी केवढी?

पहाटपोहणी: सिलिकॉनचे. पण त्याहून महत्त्वाचं व्हॅसलीन. काखेत, मानेला, पोशाखाच्या पट्ट्यांखाली जाडसर लावा. मालवणला मी विसरले होते, मान सोलवटून निघाली. आणि आता रोज निदान सहा किलोमीटर तरी पोहायलाच हवं.

सांगलीची_आई: सरावाचं सर बघतात. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची स्पर्धा आहे, भागीरथी नदीत. 81 किलोमीटरची नाही, 19 ची, जियागंज ते बहरमपूरचा गोराबाजार घाट. वय 16. परवा नदीत सराव करून आल्यापासून एक कान जरा वाहतोय, म्हणून विचारलं.

घाटावरचा: अहो ताई, हे आधी सांगायचं ना!

कृष्णाकाठचा_दादा: लसूण घालून तेल कडकडवा, कोमट झालं की दोन थेंब. आमची आई तेच करायची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, पुढं आयर्विन पुलावरून उड्या टाकल्या. पुराचं गढूळ पाणीसुद्धा प्यालोय, काही झालं नाही.

कान_नाक_घसा: दादा, वाहत्या कानात तेल अजिबात नको. ताई, पडदा फाटला असेल तर बोळ्यांवर भरवसा नाही, पाणी आत जातंच. घरातले जुने थेंबही घालू नका. काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. आधी कान दाखवा. टायफॉइडची लस झालीय का? ती दोन आठवडे आधी घ्यावी लागते, म्हणजे तुमच्या हातात तीन-चारच दिवस आहेत.

पहाटपोहणी: डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन, प्रतिजैविक) गोळी घेऊन टाका, सगळ्यावर चालते.

कान_नाक_घसा: सगळ्यावर नाही. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) देतात, तीही डॉक्टरांनी सांगितली तर. विषाणूमुळे होणाऱ्या काविळीला तिचा उपयोग शून्य.

सीनकाठी: मी पॅरिसला असतो. 2024 च्या ऑलिंपिकआधी इथली सीन नदी स्वच्छ करायला सुमारे 1.4 अब्ज युरो ओतले, तरी उद्घाटनाच्या दिवशीच्या पावसानं घोळ केलाच. पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) 30 जुलैची 31 ला घ्यावी लागली. जुन्या शहरात पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून जातो. मोठी सर आली की गटार भरतं आणि जास्तीचं थेट नदीत. तुम्हीही आधीच्या दोन दिवसांतल्या पावसावर लक्ष ठेवा.

कृष्णाकाठचा_दादा: पॅरिसचं कौतुक पुरे. इथं पंचगंगेत मासे मरून तरंगतात, त्यावर बोला.

घाटावरचा: दादा, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण पॅरिसला ई. कोलाय (मैल्यातले जंतू) 100 मिलिलिटरमागे 1000 च्या वर गेले की शर्यत थांबवतात. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्यालाच फीकल कोलिफॉर्म (मैल्यातल्या जंतूंचा मोठा गट, ई. कोलाय त्यातलेच) तेवढ्याच पाण्यात 2500 पर्यंत चालतात. मोजायची गोष्टच वेगळी. ताई, सरांना कान दाखवलात का?

सांगलीची_आई: सर म्हणाले, पोहणाऱ्यांचं असं होतंच. पण आज सकाळी उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळा डाग होता, वासही येत होता. उद्या दहाची वेळ घेतलीय. रेल्वेची तिकिटं काढून झालीत, वर्षभर पहाटे साडेचारला उठलीय ती. डॉक्टर नको म्हणाले तर तिला कसं सांगू कळत नाही.

कान_नाक_घसा: आधी तपासू तर द्या. आणि लसीचं राहिलं. झालीय का?