३०० किलोमीटरची नदी गोव्याने आणायची कुठून?

वळवईकर
डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘जलवाहक’ योजना आणली. नदीमार्गे माल नेला तर वाहतुकीच्या खर्चाचा ३५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळणार. विचार चांगला आहे, पण अट वाचा. माल ३०० किलोमीटरपेक्षा जास्त जायला हवा, आणि तोही गंगा, ब्रह्मपुत्रा किंवा बराक जलमार्गावर. आमच्या मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवेच्या कालव्याला २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग केलं. तिन्ही मिळून सव्वाशे किलोमीटरही भरत नाहीत. मग आम्हाला या योजनेत जागा कुठे?

आमच्या घरची एक बार्ज होती, नदीतून खनिज नेणारी मालवाहू बोट, वडिलांनी कर्ज काढून घेतलेली. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, जरा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. काठाला बांधून ठेवलेली बार्जसुद्धा रोज पैसे खाते. राखणदार लागतो, विमा भरावा लागतो, गंज तर थांबतच नाही. शेवटी भंगारात गेली. खाणींत बेकायदा कामं झाली होती, न्यायालयाने थांबवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन हजार टनांची एक बार्ज म्हणजे दहा टनांचे २०० ट्रक. रस्त्याला खड्डे पडले की सरकार डांबर घालतं, नदीत गाळ साचला की आम्ही बार्ज अर्धी भरून न्यायची. बार्जमालकांची मागणी इतकीच आहे की अंतर मोजू नका, टन मोजा. आणि नदीची खोली राखायची जबाबदारी कोणाची, ते लेखी द्या.

कुडचडेचा ट्रकवाला
२०० ट्रकांचा हिशोब अर्धाच सांगितलात. खाणीवरून धक्क्यापर्यंत माल कोण आणतं? आम्हीच. बार्ज काही डोंगरावर चढत नाही. सावर्डे-कुडचडेच्या लोकांनी जी लाल धूळ खाल्ली ती धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांचीच होती. नदीला कितीही पैसे दिले तरी तो रस्ता मोकळा होणार नाही. शिवाय आम्ही रस्ता कर भरतो, डिझेलवरचा कर भरतो. जलमार्ग वापरायचं शुल्क मात्र केंद्राने २०२० मध्ये तीन वर्षांसाठी माफ केलं होतं. सवलत नेमकी कोणाला मिळतेय?

वळवईकर
खाणीपासून धक्क्यापर्यंतचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी ते सोडायला नको होतं. पण धक्क्यापासून मुरगाव बंदरापर्यंतही तोच माल रस्त्याने न्यायचा म्हटला तर? फोंडा-वास्को रस्ता आजच भरलेला आहे.

आकडेमोड
सरकार काहीच करत नाही असं चित्र नको. २०२५ च्या अर्थसंकल्पात टनेज कराची सोय नदीतल्या जहाजांनाही लागू केली. प्रत्यक्ष नफ्यावर कर न लावता जहाजाच्या टनभारावर उत्पन्न धरायचं, अशी ती पद्धत. समुद्रावरच्या जहाज कंपन्यांना वीस वर्षांपासून आहे.

वळवईकर
कंपन्यांना, हेच तर म्हणतोय. आमच्याकडे एकेका कुटुंबाची एकेक बार्ज असायची, घरच्या माणसाच्या नावावर. त्यांना या सोयीचा उपयोग काय?

धरमतरचा
मी पेणकडचा. आमच्या खाडीतून कोळसा आणि लोहखनिज बार्जने डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातं. अंतर थोडं आणि माल प्रचंड. ३०० किलोमीटरची अट तिथेही बसत नाही, तरी वाहतूक चालते. जो धंदा परवडतो त्याला अनुदान कशाला? आणि परवडत नसेल तर जनतेने का पोसायचा?

वळवईकर
तिथे एका कारखान्याचा माल एका कारखान्याच्या धक्क्यावर उतरतो, म्हणून चालतं. लहान मालकाने गाळ कसा काढायचा? नदी सगळ्यांची ठेवायची असेल तर तिची खोलीही सार्वजनिक पैशानेच राखायला हवी.

अंतराची अट किती चुकीची आहे ते आमचा कालवाच दाखवतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या पट्टीवर लाटा फुटतात, भरलेली बार्ज तिथून बाहेर पडूच शकत नाही. मग मांडवीतला माल कुंभारजुवेच्या कालव्यातून झुआरीत आणि तिथून मुरगावला नेतात. कालवा जेमतेम १७ किलोमीटरचा. वडील भरतीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवायचे, कारण पाणी उतरायला लागलं की बार्ज मध्येच टेकायची आणि पुढची भरती येईपर्यंत खलाशी तिथेच. तेवढा १७ किलोमीटरचा तुकडा गाळाने भरून आला तर चार महिने सगळी मांडवी बंद. याची किंमत किलोमीटरमध्ये कशी करणार?

बांधावरचा
इतका वेळ वाचत होतो. तुमच्या कालव्याच्या दोन्ही बाजूंना खाजन शेतं (खाडीकाठची, बांधांनी राखलेली सखल शेतं) आहेत, हे या सगळ्या हिशोबात कुठेच आलेलं नाही. मातीचे बांध आहेत आमचे, मानशीच्या दारांनी भरतीचं पाणी अडवतो. भरलेली बार्ज वेगात गेली की लाट बांधाच्या पायथ्याची माती ओढून नेते. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि ते मीठ धुऊन निघायला एक पाऊस पुरत नाही. मी दोन वेळा पाहिलंय हे. नुकसानीचे पैसे मागायला गेलो तर खाणवाले म्हणाले बार्जवाल्याला विचारा, आणि बार्जवाल्याने भरती-ओहोटीवर ढकललं.

तळाचा गाळ काढून खोली वाढवाल तेव्हा काठ खचतील. तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायकांचं काय होईल? नद्या राष्ट्रीय जलमार्ग करायला गावागावांत विरोध झाला तो याच भीतीने. एकदा वाट खोल केली की आज खनिज, उद्या कोळसा. तुम्हाला निर्णय होतो त्या बैठकीत जागा हवी आहे, आम्हाला नको का?

वळवईकर
हवी. आणि लाटेचं खरं आहे. भरतीची वेळ गाठायला आम्ही वेग वाढवायचो, हे नाकारत नाही. कालव्यात वेगमर्यादा असावी आणि ती मोडणाऱ्याचा परवाना जावा, माझी हरकत नाही. टनामागे मदत मिळाली तर तिच्यातला ठरलेला वाटा बांधांसाठी वेगळा काढावा, हे मी मालकांसमोर बोललोय. बऱ्याच जणांना आवडलं नाही, तरी मी ते मागणीत घालायला लावणार आहे. कोळशाबद्दल मी शब्द देऊ शकत नाही, तो माझ्या हातात नाही.

बांधावरचा
तो तुमच्या हातात नाही म्हणूनच मला नदीच्या खोलीची भीती वाटते. वाट्याचं लेखी आणा. मानशीची दारं आम्ही मेमध्ये दुरुस्त करतो, पैसे त्याआधी आले तरच उपयोग, ऑगस्टमध्ये फुटलेला बांध बघायला येऊ नका. तोवर कालव्यातला गाळ काढायला ग्रामसभेत माझा हात विरोधातच वर जाईल.