द्राक्षबागेची जागा ठरवताना क्यूजीआयएसचा नकाशा कितपत धरायचा?

गोदाकाठ:
दिंडोरी तालुक्यात १४ एकर सलग जमीन आहे. त्यातल्या ५ एकरांत वाइनची द्राक्षं लावायची आहेत, शिराझ आणि थोडी शेनिन ब्लांक. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा (अवकाशयानातून मोजलेला) ३० मीटरच्या चौकोनांचा उंची-नकाशा घेऊन उतार आणि उताराची दिशा काढली. माती सॉइलग्रिड्स या जागतिक माती-नकाशावरून घेतली, पाऊस आयएमडीचा, म्हणजे हवामान खात्याचा. उतार ३०, दिशा २०, माती ३०, हवामान २० असे गुण देऊन थर एकत्र केले.

तीन ठिकाणी अडलंय. उतार सगळीकडे ८९ अंशांच्या पुढे येतो. उष्णता-एककांचं (हंगामातल्या उबेच्या बेरजेचं) परदेशी कोष्टक लावलं की अख्खा तालुका अयोग्य ठरतो. आणि मातीच्या थरात १४ एकरांत कुठेच फरक दिसत नाही. चुकतंय कुठे?

मुरूमखडक:
उताराचं सोपं आहे. उंची मीटरमध्ये आणि आडवी अंतरं अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, म्हणून प्रत्येक बांध कडा होऊन बसतो. आधी उंची-नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३ मध्ये आणा. रीसॅम्पलिंगला, म्हणजे चौकोन नव्याने बसवताना, बायलिनिअर (शेजारच्या चौकोनांची सरासरी) निवडा, नाहीतर पायऱ्या पडतात. मग उतार काढा, तोही टक्क्यांत. बागेची आखणी करणाऱ्याला अंश सांगून उपयोग नसतो.

दिशेच्या थराला मात्र बायलिनिअर कधीच लावू नका. ३५० आणि १० दोन्ही उत्तरेकडचे, त्यांची सरासरी १८० म्हणजे थेट दक्षिण! दिशा नवीन नकाशावरूनच काढा आणि २ टक्क्यांखालच्या उताराला 'सपाट' म्हणून सोडून द्या.

मातीत फरक दिसणार कसा? सॉइलग्रिड्सचा एक चौकोन २५० मीटरचा, म्हणजे साधारण साडेपंधरा एकर. तुमचं अख्खं रान एका चौकोनात मावतं. ३० मीटरच्या उंची-नकाशातही एकराला जेमतेम साडेचार चौकोन येतात. शेजारच्या चौकोनांत २ मीटरची चूक असली तर ६० मीटरवर ३ टक्के खोटा उतार तयार होतो. तुमचं रान मुळात २-३ टक्क्यांचं असेल तर तुम्ही नकाशातला गोंगाट रंगवताय. शिवाय एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे. त्यानंतर पोकलेनने सपाटीकरण झालं असेल तर ते त्यात नाही, आणि तेव्हाची आंब्याची रांग आजही टेकाड म्हणून दिसेल.

गोडीबहार:
उष्णता-एककांबद्दल. ते कोष्टक कॅलिफोर्नियाचं, १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर मोजलेलं. नाशिकला ते सात महिने घेतले तर बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास जाते आणि सगळ्यात उष्ण वर्गाची कमाल मर्यादा आहे २७००. पण आपलं फळ त्या महिन्यांत वेलीवर नसतंच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि घड येतात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. तेव्हा मोजणी गोडी छाटणीच्या दिवसापासून काढणीपर्यंत करा: रोजचं कमाल अधिक किमान, भागिले दोन, वजा १०. सरासरी २२ अंश असेल तर दिवसाला १२ एककं, १३० दिवसांत १५६०. ही संख्या जातवार काढणीची तारीख अंदाजायला वापरा. परदेशी वर्गवारीत बसवायच्या नादी लागू नका.

दिशेलाही हेच लागू. २० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंशांवर, दक्षिणेला. घडांच्या काळात दक्षिण उताराला ऊन जास्त. वाइनच्या द्राक्षांना आंबटपणा टिकवायचा असतो, म्हणून मी पूर्व किंवा आग्नेय उतार आधी बघेन. तिथे सकाळचं दव लवकर सुकतं आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाला ओली पानं कमी तास मिळतात.

पावसाचा वार्षिक आकडा इथे जवळपास निरुपयोगी. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर, निफाडला पाचशेच्या आसपास, आणि आयएमडीचा एक चौकोन ०.२५ अंशाचा, म्हणजे २७ किलोमीटरच्या घरात. घाटमाथा आणि पठार एकाच सरासरीत जातात. चर्प्स या उपग्रहावर आधारित पाऊस-नकाशाचे ०.०५ अंशाचे चौकोन घ्या, आपल्या महसूल मंडळाच्या महावेध हवामान केंद्राशी ताडून पाहा आणि फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस मोजा. फुलोऱ्यात पडलेला पाऊस बाग मोडतो, जुलैचा नाही.

गोदाकाठ:
धन्यवाद, उतार सुटला. आता १ ते ४ टक्के येतोय. थंडीचं काय? उत्तरेकडच्या खालच्या अंगाला नाला आहे आणि त्याच्या पलीकडे कालव्याचा भराव.

बांधावरून:
तो भराव हीच तुमच्या नकाशातली सगळ्यात महत्त्वाची रेघ. थंड हवा जड असते, रात्री पाण्यासारखी उताराने खाली येते आणि भराव आडवा आला की तुंबते. ३० मीटरच्या नकाशात तो भराव नीट येतही नाही, त्यामुळे तो हाताने आखून घ्या. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या रात्रीच्या तापमानाचा एक चौकोन १ किलोमीटरचा. दोन गावं ताडायला ठीक, दोन वावरं ताडायला नाही. त्यापेक्षा चार-पाच लहान तापमान-लॉगर घ्या, दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या सावलीच्या डब्यात. एक नाल्याशी, एक मध्यावर, एक वरच्या अंगाला, बाकीचे जिथे शंका तिथे. १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी, दर १५ मिनिटांनी नोंद. डबा नसेल तर दुपारचे आकडे फुगतात.

आता गुणांबद्दल. ३०-२०-३०-२० ही पद्धतच इथे चुकीची. गुणांची बेरीज केली की एका दोषाची भरपाई दुसऱ्या गुणाने होते. उतार छान, दिशा छान, पण ४० सेंटिमीटरवर सलग काळा पाषाण. तरी जागेला ७५ गुण मिळतात. आधी बाद करायचे थर लावा: पाणी साचणारे खोलगट भाग, नाल्याचा काठ, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन), ट्रॅक्टर आडवा चालवायला धोक्याचा १५ टक्क्यांपुढचा उतार. उरलं त्यातच क्रम लावायचा.

साचणारे भाग उंची-नकाशावरून शोधू नका. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं एकराला ४० चौकोन देतात. पाऊस थांबल्यावरची, ऑक्टोबरमधली, तीन-चार वर्षांची घ्या. जो तुकडा दर वर्षी शेवटी हिरवा राहतो तिथे ओल धरली आहे; जो आधी पिवळा पडतो तिथे मुरूम वर आलाय. वेगवेगळ्या पिकांमुळे गफलत होते, म्हणून एकाच पिकाची वर्षं निवडा.

या पट्ट्यांवरून खड्ड्यांच्या जागा ठरवा. ५ एकरांना पाच-सहा खड्डे, १ मीटर खोल. ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटरचे नमुने वेगळ्या पिशव्यांत. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि विनिमेय सोडियम तपासून घ्या. भिंतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर. तिथे वेलीला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, आणि खुंट (ज्यावर वेल कलम करतात ते मूळ झाड) निवडताना हाच आकडा लागतो. प्रयोगशाळेचा 'सरासरी नमुना' इथे घात करतो. वरचे ३० सेंटिमीटर उत्तम आणि खाली चुनखडीचे खडे, असं हमखास सापडतं.

मुरूमखडक:
खड्ड्यांच्या जागा मोबाइलमध्ये नेण्याआधी हद्द तपासा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गट उपग्रह चित्रावर दहा-वीस मीटर सरकलेला दिसू शकतो. हद्दीच्या चार दगडांवर जीपीएस घेऊन नकाशा बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या वावरात खड्डा खणाल.

ठिबकसाठी उंचीचा फरकही आत्ताच बघा. १० मीटर चढाला साधारण १ किलो दाब जातो, म्हणजे ५ मीटरला अर्धा किलो. वरच्या टोकाला साधे ड्रिपर कमी पाणी देतील, त्यामुळे दाब-नियंत्रित ड्रिपर किंवा वर-खाली वेगळे व्हॉल्व्ह. हे मात्र एसआरटीएमवरून ठरवू नका. ड्रोनने किंवा डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) ५० सेंटिमीटरच्या समोच्च रेषा काढून घ्या, जमिनीवर खुणा लावून.

बांधावरून:
एक राहिलं. खड्डे बुजवण्याआधी पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि २४ तासांनी बघा. तळाशी तेव्हाही पाणी उभं असेल तर तो तुकडा नकाशावर लाल करा, वरच्या थराचा अहवाल कितीही चांगला असो.