जबाबदारी घ्यायची सवय लावता येते

प्रोजेक्ट मॅनेजरचा स्वभाव मुळातच असावा लागतो, तो घडवता येत नाही, असं एकाने चर्चेत म्हटलं; ते मला अजिबात पटलं नाही. चिकाटी, संयम यावर तिथे बोलून झालंय, म्हणून फक्त जबाबदारी घेण्याबद्दल लिहितो.

१२ जुलै २००९ला दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळला, कामगार दगावले. दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन (आपली कोकण रेल्वे उभारणारे तेच) यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. चौकशी व्हायची होती, ठेकेदाराकडे बोट दाखवणं सहज शक्य होतं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी राजीनामा नाकारला.

मी हे फार छोट्या गोष्टीतून शिकलो. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज (नवी आवृत्ती) फसलं तेव्हा क्लायंटच्या कॉलवर मी पटकन बोलून गेलो, "टेस्टिंगकडून राहिलं." टेस्टिंगचे पाच दिवस दोनवर मीच आणले होते! समोर बसलेल्या टेस्टरने काही न बोलता लॅपटॉप हळूच मिटला. पुढचे तीन आठवडे ती एकही अडचण आपणहून सांगायला आली नाही.

त्यानंतर ठरवलं, माझं चुकलं असेल तर मेलचं पहिलं वाक्य तेच: "माझा अंदाज चुकला." सुरुवातीला सेंड दाबताना हात अडखळायचा. वर्षभराने अडखळेनासा झाला. परवा त्याच टेस्टरने शुक्रवारचं काम होणार नाही, हे सोमवारीच येऊन सांगितलं.