मूरिश जडावकामाचं अष्टकोनी टेबल: घ्यावं का? सल्ला हवा आहे

निवडुंग
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला (इंग्लंड) राहतो, पुढच्या वर्षी गाशा गुंडाळून पुण्याला परतायचं ठरतंय. इथल्या एका लहानशा लिलावघरात एक टेबल बघून आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. उंची गुडघ्याच्या जरा वर, आठ कोन, पायांच्या जागी आठ महिरपी. वर मधोमध आठ टोकांचा तारा, भोवती चकाकणाऱ्या शिंपल्याचे तुकडे आणि पांढऱ्या-काळ्या बारीक त्रिकोणांचे पट्टे. चिठ्ठीवर एवढंच: "मूरिश पद्धतीचं टेबल, एकोणिसावं शतक". मूरिश म्हणजे स्पेन-उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानी धाटणीचं, एवढंच मला ठाऊक. अंदाज १८० ते २५० पौंड. नवरा म्हणतो, एवढ्या पैशात चार माणसं जेवतील असं टेबल येतं.

हे स्पेनचं असेल का? पांढरे तुकडे हस्तिदंताचे निघाले तर काय? आणि पुण्याच्या पावसाळ्यात टिकेल का? एका कडेचे तीन तुकडे आत्ताच उडालेत, शिवाय ते किंचित डुगडुगतं.

चहाबाज
चहाचा कप ठेवता येणार नसेल तर त्याला टेबल का म्हणायचं, हा माझा मूलभूत प्रश्न.

जुनाबाजार
निवडुंगताई, "मूरिश" हा व्यापाऱ्यांचा शब्द आहे, गावाचा पत्ता नव्हे. ग्रॅनडा, मोरोक्को, दमास्कस, कैरो, झालंच तर लंडन-मिलानमध्ये केलेल्या नकला, सगळ्यांवर हीच चिठ्ठी लागते. म्हणून भाव बघायच्या आधी गाव शोधा.

स्पॅनिश कामाला तिकडे 'तारासेआ' म्हणतात. शब्द मूळचा अरबीच. अंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या या कलेचा सगळ्यात भारी नमुना स्पेनमध्ये नाहीच, तो मोरोक्कोत मराकेशला आहे: कुतुबिया मशिदीचा मिंबर, म्हणजे प्रवचनाचं पायऱ्यांचं आसन. ११३७ मध्ये कोर्डोबाच्या कारागिरांकडे त्याचं काम दिलं. आता तो तिथल्याच बादी राजवाड्यात ठेवलाय. लाकूड आणि हाडाच्या इतक्या बारीक तुकड्यांचं जाळं की जवळ गेल्यावर डोळे ठरत नाहीत. १४९२ मध्ये ग्रॅनडाचं मुसलमानी राज्य ख्रिस्ती राजांकडे गेलं, पण कारागिरांचे हात शाबूत राहिले. तिथल्या दुमडत्या नक्षीदार खुर्च्या आणि पुढची फळी खाली पाडून लिहायची कपाटं नव्या मालकांनीही हौसेनं करून घेतली. ग्रॅनडात आजही कारखाने चालू आहेत, जास्त करून डब्या आणि बुद्धिबळाचे पट.

तुम्ही बघितलेले त्रिकोण एकेक कापून बसवलेले नसतात. वेगवेगळ्या लाकडांच्या आणि हाडाच्या तीन धारी काड्या करायच्या, नक्षी जुळेल अशी त्यांची जुडी बांधून सरसाने चिकटवायची, आणि वाळली की आडवे पातळ काप काढायचे. अळूवडीचा उंडा कापतो तसं. प्रत्येक कापावर तीच नक्षी. ते काप मग लाकडात खणलेल्या जागी बसवतात. इराणचं खातम, इटलीचं चेर्तोसिना, ग्रॅनडाचं तारासेआ, सगळी याच कुळातली. आणि आपल्याकडचंही एक आहे, सादेली. शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आलं असं मानतात. इंग्रज मडमा शिवणकामासाठी ज्या 'बॉम्बे बॉक्स' घेऊन जायच्या, त्या याच कामाच्या. पेटीगरा हे पारशी आडनाव उगाच नाही पडलं.

आता तुमचं टेबल. शिंपला भरपूर म्हणताय, तेव्हा मी स्पेनपेक्षा दमास्कसवर पैसे लावीन. ग्रॅनडाच्या कामात लाकूड आणि हाडाच्या भूमितीचा जोर असतो. दमास्कसवाले अक्रोडाच्या लाकडात शिंपला सढळ हाताने बसवतात आणि पुष्कळदा तुकड्याभोवती पांढऱ्या धातूची बारीक तार ठोकतात. ती आहे का बघा. १८७५ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर लिबर्टीचं पौर्वात्य मालाचं दुकान निघालं. पुढे धूम्रपानाच्या खोल्या 'अरबी' करायची टूम आली तेव्हा असली टेबलं, कैरोच्या मशरबियाचे, म्हणजे कातीव लाकडी जाळीचे पडदे वगैरे ढिगाने इकडे आले. इंग्लंडच्या लिलावात ती अजूनही दिसतात, त्यामुळे हे हुकलं तर जग बुडत नाही. मिलानच्या कार्लो बुगात्तीनेही याच हौसेवर स्वतःचं चमत्कारिक फर्निचर उभं केलं, गाड्यांवाल्या एत्तोरेचा बाप. पण त्याचं असतं तर चिठ्ठीवर आणखी एकदोन शून्यं दिसली असती.

हस्तिदंत की हाड? मोबाइलचं भिंग लावा. हाडात रक्तवाहिन्यांच्या खुणा राहतात, बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेषा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांचं जाळं असतं, हाडात ते कधीच नसतं. दोन्ही नसेल आणि सगळे तुकडे एकसारखे गुळगुळीत असतील तर बहुधा प्लास्टिक. तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी देईल, तो मनावर घेऊ नका. वस्तू अजून तुमची नाही.

हस्तिदंत निघाला तर सरळ सोडून द्या. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. १९४७ पूर्वीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंताची वस्तू विकता येते, पण आधी नोंदणी लागते. आणि भारतात आणायचं म्हणाल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. हाड असेल तर पावतीवर 'हाड' हा शब्द लिहून घ्या.

मडगावकरीण
सादेलीचा विषय निघालाच आहे तर आमचे 'कोंतादोर' विसरू नका. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगिजांसाठी केलेली, खणाखणांची सागवानी कपाटं. वर शिसवी आणि हस्तिदंताची एकमेकांत अडकलेली वर्तुळं, खाली पायांना नागिणी नाहीतर जलपऱ्या. तंत्र वेगळं, पण ती वर्तुळं बघताना ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा आठवतोच. रेडिंगहून लंडन काय लांब? व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयात असं कपाट बघा, आणि त्याच दिवशी हॉलंड पार्कजवळच्या लेटन हाऊसमधला अरब हॉलही. दमास्कसच्या जुन्या फरशा आहेत तिथे. डोळ्यांना सवय झाली की लिलावात फसायला होत नाही.

सुताराचा_नातू
पुण्याच्या हवेबद्दल. खालचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. हाड आणि शिंपला त्याच्याबरोबर हलत नाहीत, म्हणून तुकडे उडतात. खिडकीजवळ नको, एसीच्या झोताखाली तर मुळीच नको. ओलं फडकं फिरवायचं नाही. लिंबू-व्हिनेगर शिंपल्याला खातं. मऊ कोरडा ब्रश, आणि वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पुसट हात, बस.

उडालेले तुकडे मिळाले तर एकही टाकू नका. चिकटवायला सरसच वापरा, जुन्या पद्धतीचा, गरम करून लावायचा. पुढे कधी काढावं लागलं तर कोमट पाण्याने सुटतो. सुपरग्लूसारख्या झटपट डिंकाने बसवलेला तुकडा सुटत नाही, मोडतो. आजोबा म्हणायचे, दुरुस्ती अशी कर की पुढच्या सुताराने शिव्या देऊ नयेत.

आणि डुगडुगण्याचं कारण वर शोधू नका, ते खाली असतं. उलटं करून बघा.

निवडुंग
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी पाहणीच्या दिवशी टॉर्च घेऊन गेले आणि तिथल्या मुलाच्या परवानगीने चक्क जमिनीवर आडवी झाले. पांढऱ्या तुकड्यांत काळे ठिपके, म्हणजे हाड. शिंपल्याभोवती तार आहे, दोन ठिकाणी उचकटलीये.

पण खरी गंमत खाली होती. आठही पाट्यांवर आतून शिसपेन्सिलीने अरबी आकडे घातलेत, कोणती पाटी कुठे बसवायची त्याचे. दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात, पाच म्हणजे आपलं शून्य. गोल फिरत मोजत गेले तर चारनंतर सहा, मग पाच, मग सात! कोणीतरी कधीतरी उघडून जोडताना दोन पाट्यांची अदलाबदल केलीये. तिथेच सांध्यात फट आहे आणि तिथेच ते डुगडुगतं. म्हणजे स्पेन बाद.

१९० पौंडांना मिळालं, वर लिलावघराचं कमिशन. तीन तुकड्यांपैकी दोन खणाच्या फटीत सापडले, तेही पुडीत बांधून आणलेत. टेबल सध्या हॉलमध्ये उलटं पडलंय आणि नवरा त्याच्या पायांवर मोजे वाळत घालतोय. सुताराचा_नातू, इथे सरस कुठे मिळेल?

सुताराचा_नातू
गावात व्हायोलिन दुरुस्त करणारा असेल, त्याला विचारा. त्याच्याकडे असतोच. आणि आधी पाच-सहाची जागा बदला, मग तुकडे लावा.